खेड्यातल्या चर्चमध्ये शिरण्यापूर्वी

इंग्लंडला जाणाऱ्या मराठी माणसाचा चर्चशी संबंध येतो तो बहुधा लंडनमध्ये. सेंट पॉल्सच्या घुमटाखाली मान दुखेपर्यंत वर बघायचे, वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेराण्यांच्या थडग्यांपुढून रांगेने सरकायचे, तिकिटाच्या पौंडांचे मनातल्या मनात रुपये करायचे आणि बाहेर यायचे. खेड्यातले चर्च सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. ते मोटारीच्या काचेतून दिसते, फार तर त्याचा एक फोटो निघतो, आणि मोटार पुढे जाते. हे पुस्तक वाचकाला त्या मोटारीतून खाली उतरवण्यासाठी लिहिले आहे. लेखिकेने प्रस्तावनेचे काम माझ्यावर सोपवले ते, मला वाटते, मी तिच्याशी एकदोन बाबतींत भांडणार हे ठाऊक असूनच.

आपल्या मनात ‘इंग्रजी चर्च’ म्हणून जे चित्र असते ते मुख्यतः आपल्याकडच्या लष्करी छावण्यांतून आलेले आहे. पुण्याच्या कॅम्पातले १८२५ सालचे सेंट मेरीज, कुलाब्याचे अफगाण चर्च, थंड हवेच्या ठिकाणी साहेबाने बांधलेली छोटी चर्चे. अफगाण चर्च १८५८ मध्ये उघडले ते पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचे स्मारक म्हणून. ही सगळी चर्चे अँग्लिकन म्हणूनच जन्मली. नकाशा तयार होता, पैसा सरकारचा किंवा वर्गणीचा होता, आणि आत काय असावे, काय नसावे हे भांडण तिकडे विलायतेत तीनशे वर्षांपूर्वीच निकालात निघाले होते. त्यामुळे आत शिरल्यावर एकाच काळाचे दर्शन होते: पितळी पाट्या, पलटणींची नावे, कॉलऱ्याने गेलेले तरुण लेफ्टनंट.

इंग्लंडच्या खेड्यातले जुने चर्च तसे नसते. त्याच्याविषयी पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही की ते अँग्लिकन म्हणून बांधलेलेच नाही. आज ज्या जुन्या चर्चांचे इतके कौतुक होते, त्यांतली बहुतेक अकराव्या ते पंधराव्या शतकांत उभी राहिली, आणि तेव्हा ती रोमच्या पोपला मानणारी होती. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख करून घेतले. इमारत तीच राहिली, घंटा त्याच राहिल्या, बहुतेक ठिकाणी पाद्रीही तोच राहिला. आतले मात्र पुढच्या वीसपंचवीस वर्षांत जवळजवळ सगळे गेले.

काय काय गेले, याची कल्पना आजच्या पांढऱ्या भिंती पाहून येत नाही. पंधराव्या शतकातले खेड्यातले चर्च रंगांनी भरलेले असे. भिंतींवर चित्रे, खिडक्यांत रंगीत काच, कोनाड्याकोनाड्यांत संतांच्या मूर्ती, प्रत्येक मूर्तीपुढे मेणबत्ती आणि त्या मेणबत्तीचा खर्च उचलणारे गावातले एखादे मंडळ. अविवाहित मुलांचे एक मंडळ, मुलींचे एक, बायकांचे एक. लोकांच्या बाजूचा मोठा दालनवजा भाग म्हणजे नेव्ह आणि पाद्र्याचा आतला भाग म्हणजे चॅन्सल, या दोहोंमध्ये कोरीव लाकडी पडदा असे. त्याच्या माथ्यावर क्रुसावरचा ख्रिस्त, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला जॉन. गावकरी ज्या दिशेला तोंड करून उभे राहत त्या दिशेला हेच तीन पुतळे वर दिसत. उभे राहत असे मुद्दाम म्हणतो, कारण बाके बरीच उशिरा आली. मोकळ्या नेव्हमध्ये गावाच्या सभाही होत. चर्चच्या नावाने बिअर गाळून विकायची, त्या पैशातून छप्पर दुरुस्त करायचे, ही तर राजरोस पद्धत होती.

हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड १५४७ मध्ये गादीवर आला आणि मूर्ती काढण्याचे हुकूम सुटले. भिंतींवर चुना चढला. दगडी वेदीच्या जागी लाकडी टेबल आले. १५४९ मध्ये लॅटिन प्रार्थना जाऊन इंग्रजी प्रार्थनेचे पुस्तक आले. चारच वर्षांनी एडवर्ड मेला, कॅथलिक मेरी राणी झाली, आणि काढलेले सगळे परत बसवा असा उलटा हुकूम आला. तेही गावानेच करायचे, गावाच्याच खर्चाने. पाच वर्षांत मेरीही गेली. १५५९ पासून एलिझाबेथच्या राज्यात पुन्हा उतरवाउतरव.

या धांदलीत खेड्यातला माणूस काय करत होता, हे एका गावाने लिहून ठेवले आहे. डेव्हनमधल्या मोरबाथ या लहानशा गावी क्रिस्टोफर ट्रिकी नावाचा पाद्री १५२० मध्ये आला आणि १५७४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. चार राज्यकर्ते, चार धोरणे, पाद्री एक. गावचे हिशेब तो स्वतः लिही आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवी. त्या हिशेबांवरून इतिहासकार इमन डफी यांनी २००१ मध्ये एक विलक्षण पुस्तक लिहिले. एडवर्डच्या काळात गावकऱ्यांनी मूर्ती आणि धार्मिक वस्त्रे आपापल्या घरी नेऊन ठेवली आणि मेरीच्या काळात ती मुकाट्याने परत आणून दिली, हे त्यातून कळते. ट्रिकीला लबाड म्हणावे की चिवट म्हणावे, याचा निकाल प्रत्येक वाचकाने आपापला करावा. माझे मत त्याच्या बाजूचे आहे. राजे बदलत असताना गावातली लग्ने, बारशी आणि मरणे थांबत नव्हती.

म्हणून माझा आग्रह एवढाच की खेड्यातल्या चर्चमध्ये गेल्यावर जे आहे त्याआधी जे नाही ते पाहावे. रिकामा कोनाडा दिसला की तिथे कोण उभे होते हे विचारावे. पडद्यावरच्या संतांचे चेहरेच तेवढे खरवडलेले आणि वस्त्रांचा सोनेरी रंग शाबूत असे दिसले, तर खरवडणाऱ्याने हात कुठे थांबवला हे पाहावे. भिंतीत उंचावर, कुठेच न जाणारे दार दिसते. ते पूर्वी पडद्याच्या माथ्यावरच्या सज्जात उघडत असे. सज्जा गेला, दार राहिले. मार्गदर्शक पुस्तिका अशा गोष्टी एका ओळीत उरकतात. या पुस्तकाने त्यांना पाने दिली आहेत, आणि ते योग्यच आहे.

लेखिकेने निवडलेला मुलूख म्हणजे सफोक काउंटीचा पूर्व किनारा. त्यातले वेन्हॅस्टन हे माझ्या मते साऱ्या पुस्तकाची किल्ली आहे. तिथल्या सेंट पीटर्समध्ये चॅन्सलच्या कमानीत फळ्यांवर रंगवलेले अंतिम न्यायाचे चित्र होते, पंधराव्या शतकाच्या शेवटचे. धर्मक्रांतीत त्यावर चुना फासला गेला, आणि खालच्या बाजूला राजसत्तेच्या आज्ञेत राहावे अशा अर्थाचे बायबलमधले वचन लिहिले गेले. न्याय देवाचा होता तिथे अंमल राजाचा आला, आणि तोही त्याच फळीवर. तीन शतके कोणालाही खाली काय आहे याचा पत्ता नव्हता. १८९२ मध्ये चर्चची दुरुस्ती निघाली, जुन्या फळ्या निरुपयोगी म्हणून काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस झाला. सकाळी चुना धुऊन निघाला होता आणि फळ्यांवरून माणसे बघत होती. तराजूत जीव तोलणारा मायकेल, एका बाजूला माशाच्या जबड्यासारखे नरकाचे तोंड, दुसऱ्या बाजूला स्वर्गाच्या दारी पीटर. पीटरपुढे उभ्या असलेल्यांत राजा आहे, बिशप आहे. सगळे नागडे आहेत, पण डोक्यावर मुकुट आणि टोपी मात्र आहे, नाहीतर कोण ते कळणार कसे! खेड्यातल्या चिताऱ्याचा हा खट्याळपणा मला त्या काळच्या अनेक प्रवचनांहून जास्त सांगून जातो.

पण वेन्हॅस्टनला मी स्वतः ज्यापुढे सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो ते रंगवलेले काहीच नाही. चित्राच्या मध्यावर तीन आकृत्यांच्या जागा कोऱ्या आहेत. क्रूस, त्याच्या एका बाजूला मेरी आणि दुसऱ्या बाजूला जॉन. ते पुतळे फळ्यांना जोडलेले होते, म्हणून चिताऱ्याने त्यांच्यामागे रंग लावलाच नाही. पुतळे गेले, त्यांच्या कडा उरल्या. चर्चमधले जे सर्वांत पवित्र होते तेच नेमके आज रिकाम्या आकाराने दिसते.

तिथून काही मैलांवर ब्लाइथबर्ग. दलदलीच्या कडेला, रस्त्याच्या वर, गावाच्या मानाने अवाढव्य असे पंधराव्या शतकातले होली ट्रिनिटी चर्च. ब्लाइथ नदीवर बंदर होते, व्यापार होता, तेव्हाची ही ऐपत. नदी गाळाने भरत गेली, बोटी मोठ्या होत गेल्या, व्यापार उठून गेला आणि एवढे मोठे चर्च मूठभर माणसांच्या गळ्यात राहिले. आत शिरताच प्रकाश अंगावर येतो, कारण रंगीत काच जवळजवळ उरलेली नाही. वर फिकट पडलेल्या रंगांचे लाकडी छत आणि त्याच्या मध्यावर पंख पसरलेले देवदूत.

या देवदूतांच्या अंगांत शिशाचे छर्रे सापडतात. गाइड सांगतात, प्युरिटन सैनिकांनी बंदुका झाडल्या. गोष्ट रंगतदार आहे आणि तिला आधारही असल्यासारखा वाटतो. यादवी युद्धाच्या काळात विल्यम डाउसिंग नावाचा गृहस्थ संसदेच्या बाजूने नेमला गेला. केंब्रिजशर आणि सफोकमधल्या अडीचशेच्या आसपास चर्चांत तो गेला, मूर्तिपूजेचे अवशेष मोडायला लावले आणि कुठे काय मोडले याची रोजनिशी ठेवली. दर चर्चमागे सहा शिलिंग आठ पेन्स फी घेतली. म्हणजे ज्याची मूर्ती फुटायची त्यानेच फोडणाऱ्याची मजुरी द्यायची. १६४४ च्या एप्रिलमध्ये तो ब्लाइथबर्गला आला आणि वीस देवदूत उतरवण्याचे फर्मावून गेला. गावाने ते सगळे काही उतरवले नाहीत. उंची फार होती की शिडी नव्हती की मन नव्हते, कोण जाणे. छऱ्यांचा उलगडा मात्र पुढे झाला, आणि तो हिशेबाच्या वहीत होता. अठराव्या शतकात छतात घरटी करणाऱ्या कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांना मारण्यासाठी दारू आणि छर्रे यांचा खर्च चर्चने लिहून ठेवला आहे. दुष्ट धर्मवेड्यांची गोष्ट गेली आणि तिच्या जागी घाण साफ करून वैतागलेला चर्चवॉर्डन आला. लेखिकेने दोन्ही गोष्टी दिल्या आहेत, पण पहिलीला जास्त जागा दिली आहे. मी उलट केले असते.

काळ्या कुत्र्याचे तसेच. ४ ऑगस्ट १५७७ च्या रविवारी प्रार्थना चालू असताना मोठे वादळ झाले, मनोऱ्याचे शिखर कोसळले, माणसे मेली. त्याच दिवशी जवळच्या बंगे गावीही असेच घडले. लंडनमध्ये लगेच एक चोपडे छापून निघाले आणि त्यात विजेचा सैतानी काळा कुत्रा झाला. ब्लाइथबर्गच्या उत्तरेकडच्या दारावर काळपट जळके व्रण आहेत. ते त्याच्या पंजांचे म्हणून दाखवले जातात. दारापुढे शाळकरी मुलांची गर्दी असते आणि ती असू द्यावी.

बाकांच्या टोकांवर सात महापापे कोरलेली आहेत: अंथरुणात लोळणारा आळशी, पैशांच्या पेटीवर बसलेला लोभी, स्वतःचे पोट कवटाळलेला खादाड, जीभ बाहेर काढलेला चुगलखोर. पापांबरोबर पेरणी आणि कापणी करणारी माणसेही आहेत. संतांच्या मूर्ती गेल्या, पापी मात्र टिकले, कारण त्यांची पूजा कोणी करत नव्हते. चॅन्सलच्या बाजूला १६६५ साली स्टॉकहोमच्या डर्क नावाच्या बारा वर्षांच्या पोराने आपले नाव कोरून ठेवले आहे. तिथे तेव्हा शाळा भरत असे. शिक्षक कोणत्याही धर्माचा असो, तासाला कंटाळलेला विद्यार्थी सारखाच.

या चर्चचे नशीब असे की गरिबीने ते वाचवले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर चर्चांच्या जीर्णोद्धाराची लाट आली. पैसा असलेल्या गावांनी जुने गिलावे खरवडले, भिंती नव्याने चढवल्या, गुळगुळीत रंगीत फरश्या घातल्या, ‘खरे मध्ययुग’ म्हणून जे हवे ते बसवले. ब्लाइथबर्गकडे पैसाच नव्हता. १८८१ मध्ये इमारत धोकादायक म्हणून बंद करावी लागली आणि दुरुस्ती कशी करावी यावरून पाद्री आणि विल्यम मॉरिसची संस्था यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. मॉरिसने ही संस्था १८७७ मध्ये अशा जीर्णोद्धारांविरुद्धच काढली होती. म्हणणे साधे होते: गळती थांबवा, पडते ते टेकवा, बाकीच्याला हात लावू नका. पंढरपुरापासून कोकणातल्या देवळांपर्यंत जिथे जिथे जुन्या दगडावर ऑइलपेंट आणि चकचकीत टाइल्स चढल्या आहेत, तिथल्या विश्वस्तांना हे प्रकरण वाचायला द्यावे असे मला वाटते. लेखिका व्हिक्टोरियन फरश्यांबद्दल माझ्यापेक्षा उदार आहे. त्याही आता दीडशे वर्षांच्या झाल्या, त्यांनाही इतिहास म्हणा, असे तिचे म्हणणे. तर्क बिनतोड आहे, तरी डोळ्यांना तो पटत नाही.

मालकीचा एक मुद्दा पुस्तकात निसटता आला आहे, तो इथे जरा सविस्तर सांगतो. जुन्या वहिवाटीने नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांकडे आणि चॅन्सलची दुरुस्ती चर्चच्या जमिनीचे उत्पन्न खाणाऱ्याकडे. म्हणून पुष्कळ चर्चांत नेव्ह प्रशस्त आणि चॅन्सल अगदी साधे दिसते, किंवा उलट. कोणाच्या खिशात काय होते ते छपराच्या उंचीवरून कळते. हेन्रीने मठ बुडवले तेव्हा मठांकडच्या अशा जमिनी खासगी हातांत गेल्या, आणि जमिनीबरोबर दुरुस्तीचे ओझेही गेले. आपल्याकडे इनामाच्या सनदेत देवाच्या दिवाबत्तीचे कलम असे, तसलाच प्रकार. ही केवळ इतिहासातली गंमत नव्हे. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅन्टलो गावी अशी जमीन वारशाने मिळालेल्या एका दांपत्यावर चॅन्सलच्या दुरुस्तीचा दावा लागला आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो त्यांच्याविरुद्ध निकाली काढला. रक्कम जवळजवळ दोन लाख पौंडांवर गेली. शेकडो वर्षांपूर्वीच्या व्यवहारांचे बिल एकविसाव्या शतकातल्या शेतघरावर येऊन पडले.

आता मराठी वाचकाचा स्वतःचा धागा. तो सफोकमध्ये नाही, लंडनच्या दक्षिणेला सरी काउंटीत आहे. लिम्प्सफील्ड गावच्या सेंट पीटर्सच्या आवारात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुरलेला आहे. पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट, ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी ज्याचा संगमावरचा बंगला पुस्तकांकागदपत्रांसकट जळाला तो, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. मराठी राज्य संपवणाऱ्यांत तो पुढे होता, आणि पुण्यात संस्कृत पाठशाळा काढणाऱ्यांतही. ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली हे आपल्याला आजही नीट पचलेले नाही. निवृत्तीनंतर तो याच भागात राहिला, त्याने भारताचा इतिहास लिहिला आणि १८५९ मध्ये तो मेला. त्याच आवारात फ्रेडरिक डेलियस हा संगीतकार आहे. धर्म न मानणारा, फ्रान्समध्ये मेलेला, पण दक्षिण इंग्लंडातल्या खेड्यातल्या चर्चच्या आवारातच माती मिळावी अशी इच्छा धरलेला. १९३५ मध्ये त्याला तिथे आणले. लिम्प्सफील्डला जाणारे बहुतेक डेलियससाठी जातात. मराठी माणसाने एल्फिन्स्टनसाठी जावे. मुंबईच्या स्टेशनावरून २०१८ मध्ये उतरलेले एल्फिन्स्टन हे नाव याचे नव्हे, नंतरच्या एका गव्हर्नराचे होते; याचे नाव या आवारात कोणी उतरवणार नाही. फुले नेण्याची गरज नाही. जाऊन यावे.

आजची स्थिती थोडक्यात. इंग्लंडच्या चर्चकडे सोळा हजारांच्या आसपास चर्चे आहेत, आणि देशातल्या पहिल्या प्रतीच्या संरक्षित वास्तूंपैकी निम्म्याच्या जवळपास चर्चे आहेत. चर्च ‘राष्ट्रीय’ असले तरी सरकार त्यांचे छप्पर नेमाने दुरुस्त करून देत नाही. ते ओझे रविवारी जमणाऱ्या पंधरावीस, बहुतेक पिकल्या केसांच्या माणसांवर असते. एकेका पाद्र्याकडे पाचसहा गावे. छपराचे शिसे चोर उचलून नेतात, वटवाघळांना कायद्याचे संरक्षण असते आणि पितळी पाट्यांवर त्यांचे डाग पडतात. चहा, केक, जुनी पुस्तके, फुलांची प्रदर्शने यांवर मनोरे उभे आहेत. पंधराव्या शतकात बिअर होती, आता केक आहे, एवढाच फरक.

जाणाऱ्यासाठी काही सूचना, कारण लेखिका त्या बाबतीत फार संकोची आहे. दार बहुधा उघडे असते, फक्त लोखंडी कडी जोरात फिरवावी लागते. कुलूप लागले आहे असे समजून परत फिरणारे पुष्कळ. तिकीट नसते, पेटी असते, तीत पैसे टाकावेत. तुमचा धर्म कोणी विचारत नाही. कोणी भेटलेच तर ते फुलांना पाणी घालणारे किंवा पितळ घासणारे कोणीतरी असेल, त्यांच्याशी बोलावे, छापील पुस्तिकेत नसलेले त्यांना ठाऊक असते. दुर्बीण न्यावी, छतातले देवदूत नुसत्या डोळ्यांनी दिसतात तेवढे पुरेसे नाहीत. हिवाळ्यात जाणार असाल तर बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी असते, कोट काढू नये.

इप्सविचहून लोस्टॉफ्टकडे जाणारी गाडी हेल्सवर्थला थांबते. तिथून वेन्हॅस्टन आधी आणि ब्लाइथबर्ग नंतर असा क्रम ठेवावा, पुस्तकातला क्रम उलटा असला तरी. वेन्हॅस्टनच्या फळ्या पाहून झाल्या म्हणजे ब्लाइथबर्गच्या पांढऱ्या भिंतींकडे कसे बघायचे ते आपोआप कळते. ऑर्गनवरचे लांबलचक प्रकरण मात्र परतीच्या गाडीत वाचायला ठेवले तरी चालेल.